कालाव्रिताची चढण

ग्रीसच्या नकाशात दक्षिणेकडचं पेलोपोनीज द्वीपकल्प मुख्य भूमीपासून जवळजवळ सुटून आलेलं दिसतं. दोघांच्या मधे कोरिंथचं लांबट आखात आहे. पूर्वेच्या टोकाला जेमतेम सहा किलोमीटर रुंदीची जमिनीची पट्टी या दोघांना धरून होती, तीही १८९३ मध्ये माणसांनी कालवा खणून कापून टाकली. पण कालवा ही अगदी किरकोळ गोष्ट झाली. खरं कापण्याचं काम जमिनीखाली चालू आहे आणि ते थांबलेलं नाही. आखाताच्या पश्चिम भागात दोन्ही किनारे दरवर्षी साधारण दीड सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जातात, हे उपग्रहांच्या मदतीने केलेल्या मोजणीतून दिसतं. भूगर्भशास्त्रात हा वेग मोठा समजला जातो. खंडांच्या अंतर्भागात इतक्या घाईने फाकणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत.

या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यापासून आत, हेलमोस पर्वताच्या पायथ्याशी, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर कालाव्रिता नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. चौकात झाडं, चर्च, कॉफीची दुकानं, हिवाळ्यात अथेन्सहून बर्फात घसरायला येणारी मंडळी. अशी डोंगरी गावं ग्रीसमध्ये पुष्कळ आहेत. पण प्राचीन इतिहासकार पॉलिबियसपासून हिटलरच्या सैन्यापर्यंत आणि रेल्वे इंजिनियरांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत इतक्या वेगवेगळ्या लोकांना या एका गावाशी कामं पडली, याचं एक कारण त्या फाकणाऱ्या जमिनीत सापडतं. समुद्र इतका जवळ आणि गाव इतकं उंच, ही जोडी त्या फाकण्यानेच घडवली.

जमीन फाटते तेव्हा

आफ्रिकेचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, ग्रीसच्या दक्षिणेला, क्रीट बेटाच्याही खाली, एजियन प्रदेशाच्या पोटात घुसतो आहे. घुसणारा पट्ट जड असल्यामुळे खाली कलतो आणि मागे सरकतो, त्यामुळे त्याच्यावरचा एजियन प्रदेश दक्षिणेकडे ओढला जाऊन ताणला जातो. पूर्वेकडून तुर्कस्तानचा भूभागही पश्चिमेला रेटतो आहे. या ओढाताणीत कोरिंथजवळ कवच फाटलं. फाटताना ते मधोमध सरळ चिरत नाही. तिरक्या भेगा पडतात, त्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या एका बाजूचा ठोकळा खाली घसरतो, दुसऱ्या बाजूचा वर उचलला जातो. इथे उत्तरेकडचे ठोकळे खाली गेले, त्यांच्यावर आखाताचं पाणी आलं, आणि दक्षिणेकडची कड वर येत राहिली.

यातली गमतीची गोष्ट अशी की ही फाट एका जागी राहिलेली नाही. काही दशलक्ष वर्षांपूर्वी तिची दक्षिण कड आजच्या कालाव्रिताजवळ होती. गावापासून किनाऱ्याकडे निघालं की एकामागून एक भ्रंश लागतात: आधी कालाव्रिताचा, मग केर्पिनीचा, मग दुमेनाचा, पुढे पिर्गाकीचा, आणि शेवटी किनाऱ्यालगतचा हेलिकीचा. दक्षिणेचे थकून निजलेले, उत्तरेचे जागे. फाट उत्तरेला सरकत गेली आणि मागे राहिलेला प्रदेश उचलला गेला. किनाऱ्याजवळ जमीन वर येण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर धरला जातो. ऐकायला नगण्य वाटतं, पण दशलक्ष वर्षांत त्याचा एक किलोमीटर होतो.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. गाव आणि समुद्र यांच्यामधल्या कड्यांमध्ये नदीतल्या गोल गोट्यांचे प्रचंड थर आहेत, चुन्याने एकमेकांना घट्ट चिकटलेले. किनाऱ्याकडच्या भागात हे थर तिरके, चांगले पंचवीस-तीस अंशांनी कललेले दिसतात. नदी खोल पाण्यात उतरते तिथे तिने आणलेले गोटे उतारावरून घरंगळून असे तिरके रचले जातात. अशा रचनेला गिल्बर्ट त्रिभुज म्हणतात. म्हणजे हे कडे एके काळी पाण्याखाली होते, आणि आज समुद्रापासून कित्येकशे मीटर उंचावर उभे आहेत. जगभरचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी ते पाहायला इथे येतात, आणि मला वाटतं त्यांचा हेवा करायला हरकत नाही.

जमीन वर येत असताना वुराइकोस नदी आपली जागा सोडायला तयार नव्हती. ती खाली खाली कापत गेली. त्यातून कालाव्रिताच्या सपाटीपासून दिआकोफ्तो या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत जवळजवळ वीस किलोमीटरची घळ तयार झाली. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की नदी आणि दोन भिंती याखेरीज कशालाच जागा उरत नाही. पुराणकथेत याचं श्रेय हेराक्लिसला दिलेलं आहे. वुरा नावाच्या मुलीला भेटायचं म्हणून त्याने डोंगर चिरला म्हणे.

या वुराच्या नावाचं एक शहरही होतं. ते इसवी सनपूर्व ३७३ च्या हिवाळ्यात एका रात्रीत भूकंपाने नष्ट झालं. त्याच रात्री किनाऱ्याजवळचं हेलिकी हे त्याहून मोठं शहर समुद्राने गिळलं. किनाऱ्याला नांगरलेली स्पार्टाची दहा जहाजंही त्याच्याबरोबर गेली. शेकडो वर्षं लोक पाण्याखालच्या भिंतींबद्दल बोलत राहिले, आणि आधुनिक संशोधकांनी ते शहर समुद्राच्या तळाशी बराच काळ शोधलं. दोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांना २००१ मध्ये त्याचे अवशेष सापडले ते जमिनीवर, शेतांखाली, जुन्या खाजणाच्या गाळात. शहर बुडालं होतं खरं. पण नद्यांनी गाळ आणून आणून त्या जागेची पुन्हा जमीन केली होती. भ्रंश मात्र अजून जागेच आहेत. याच किनाऱ्यावरच्या एयिओ शहराला जून १९९५ मध्ये ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवलं आणि २६ माणसं गेली.

गाणं सोडलेलं शहर

आज कालाव्रिता आहे तिथे किंवा त्याच्या अगदी जवळ प्राचीन काळी किनेथा हे आर्केडिया प्रांताचं शहर होतं. त्याची दोन वर्णनं आपल्यापर्यंत आली आहेत आणि दोन्ही विलक्षण आहेत.

पहिलं इतिहासकार पॉलिबियसचं. तो स्वतः आर्केडियाचाच, मेगालोपोलिसचा. इसवी सनपूर्व २२० मधली हकीकत तो सांगतो. किनेथात बरीच वर्षं दोन गटांमध्ये यादवी चालली होती. एकमेकांच्या कत्तली, हद्दपारी, जमिनी हिसकावून नव्याने वाटणं, सगळं झालं होतं. शेवटी समेट झाला आणि हद्दपार झालेल्यांना परत घेतलं गेलं. परतलेल्यांपैकी काहींना मोठमोठी पदं मिळाली. त्यांच्याकडे वेशीचे दरवाजे बंद करण्याचं आणि दिवसा तिथे पहारा देण्याचं काम आलं. त्यांनी आखातापलीकडच्या इटोलियन टोळ्यांशी संधान बांधलं, बरोबरच्या पहारेकऱ्यांना मारलं आणि दरवाजा उघडला. इटोलियन आत आले, आणि पॉलिबियस समाधानाने नोंदवतो की त्यांनी आधी कापलं ते त्यांना आत घेणाऱ्यांनाच.

मग तो प्रश्न विचारतो: आर्केडियाचे लोक सगळ्या ग्रीसमध्ये सज्जन आणि आतिथ्यशील म्हणून नावाजलेले, मग किनेथाचेच असे क्रूर कसे निपजले? त्याचं उत्तर असं की त्यांनी संगीत सोडलं. हा डोंगराळ मुलूख थंड आणि उदास, हवा जशी तशी माणसं होतात, म्हणून जुन्या शहाण्या लोकांनी मुद्दाम संगीत सक्तीचं केलं. आर्केडियात मुलं लहानपणापासून देवांची स्तोत्रं गायला शिकतात, दरवर्षी नाट्यगृहात नाचतात, आणि तिसाव्या वर्षापर्यंत हे शिक्षण चालतं. दुसरी एखादी विद्या येत नाही म्हणायला तिथे कुणाला लाज वाटत नाही. गाता येत नाही असं मात्र कुणी म्हणूच शकत नाही, कारण शिकणं सगळ्यांनाच भाग असतं. किनेथा तर आर्केडियातली सगळ्यात कडक हवेची जागा, म्हणजे तिला या औषधाची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकं तिनेच ते टाकलं. एका मोठ्या कत्तलीनंतर किनेथाचे दूत स्पार्टाकडे निघाले, तेव्हा वाटेतल्या आर्केडियन शहरांनी त्यांना लगेच चालतं केलं. मांतिनियाच्या लोकांनी तर ते गेल्यावर बळी फिरवून गाव शुद्ध करून घेतलं.

गाण्यावर प्रेम करणाऱ्या कुणालाही हा सिद्धांत आवडेल. मलाही आवडतो, पण पटत नाही. हवामानाने स्वभाव घडतो हे मानायचं तर शेजारच्या, तितक्याच थंड गावांचं काय, या शंकेला उत्तर म्हणून संगीत आणलेलं आहे. आणि खरं कारण तर पॉलिबियसने स्वतःच काही पानं आधी लिहून ठेवलं आहे: जमिनीवरून पेटलेली पिढीजात यादवी. शिवाय तो ज्या अखियन संघाचा, म्हणजे पेलोपोनीजमधल्या शहरांच्या युतीचा माणूस, त्याचे इटोलियन हे हाडवैरी. तरीही भूगोल आणि संस्कृती यांचा संबंध जोडून एका ठराविक गावाची मीमांसा करण्याचा इतका जुना आणि इतका मुद्देसूद प्रयत्न विरळाच, म्हणून तो वाचण्यासारखा.

दुसरं वर्णन इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या प्रवासी पॉसेनियसचं. त्याच्या काळी किनेथाच्या चौकात देवांच्या वेद्या आणि सम्राट हेड्रियनचा पुतळा होता. हिवाळ्यात मद्याचा देव डायोनिसस याचा उत्सव व्हायचा. अंगाला तेल चोपडलेले पुरुष कळपातून देव सुचवेल तो बैल उचलायचे आणि खांद्यावरून देवळात न्यायचे. गावाबाहेर एक थंड झरा होता, त्याचं पाणी प्यायलं की पिसाळलेल्या कुत्र्याचं विष उतरतं अशी ख्याती. (रेबीजवर असं कुठलंही पाणी नाही हे इथे सांगून टाकलेलं बरं.) पॉसेनियसने त्यावर एक मार्मिक शेरा मारला आहे: याच डोंगरात स्टिक्सचं मारक पाणी आहे, त्याची भरपाई म्हणून हा तारक झरा दिलेला दिसतो.

चुनखडीचं पाणी

स्टिक्स म्हणजे ग्रीक पुराणातली पाताळातली नदी, जिची शपथ देवांनाही मोडता येत नाही. प्राचीन ग्रीकांच्या मते तिचं पाणी हेलमोसच्या एका उंच कड्यावरून कोसळतं. तो धबधबा आजही आहे, त्याचं चालू नाव माव्रोनेरी, म्हणजे काळं पाणी. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस आर्केडियाच्या पुढाऱ्यांना इथे आणून स्टिक्सची शपथ घ्यायला लावू पाहत होता असं हेरोडोटस सांगतो. हे पाणी काच, धातू, दगड सगळं फोडतं आणि फक्त खुराच्या भांड्यात टिकतं, अशी समजूत होती. अलेक्झांडरला याच पाण्याने विष घातलं अशी अफवा प्राचीन लेखकांनीही नोंदवली आहे, विश्वास न ठेवता. धबधब्याच्या कपारींत वाढणाऱ्या एका छोट्या निळ्या फुलाच्या वनस्पतीला शास्त्रज्ञांनी ग्लोब्युलारिया स्टिजिया असं नाव दिलं, ते या स्टिक्सवरूनच.

झरे, धबधबे आणि गुहा यांच्यामागचं कारण एकच: हेलमोसचा बराचसा भाग चुनखडीचा आहे. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी मातीतून जाताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडी विरघळवतं, भेगा रुंदावतं, आणि नद्या जमिनीवरून गायब होऊन पोटातून वाहू लागतात. मग कुठेतरी खाली, पाणी न जिरणारा खडक लागला की तेच पाणी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. डोंगरमाथा कोरडा आणि पायथ्याला बारमाही झरा, हे चुनखडीच्या मुलखाचं नेहमीचं चित्र आहे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये वाढलेल्या माणसाला ते जरा चमत्कारिक वाटतं.

गावापासून सतरा किलोमीटरवर कास्त्रिया खेड्यापाशी या प्रकाराचा सर्वांत देखणा नमुना आहे, सरोवरांची गुहा. १९६४ मध्ये कास्त्रियाच्या लोकांनी तिचे आतले भाग शोधले. आजवर जवळजवळ दोन किलोमीटर लांबी ज्ञात झाली आहे, त्यांपैकी पाचशे मीटर लोकांसाठी खुली. गुहा तीन मजली आहे आणि आत पायऱ्यापायऱ्यांनी १३ तळी आहेत. ती कुणी बांधल्यासारखी वाटतात, पण त्यांचे बांध पाण्यानेच घातले. गुहेच्या हवेत आल्यावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, तो गेला की पाण्याला विरघळलेला चुना धरून ठेवता येत नाही. जिथे पाणी काठावरून पातळ होऊन खळाळतं तिथे हा वायू सर्वांत जलद सुटतो, म्हणून चुना नेमका काठावर बसतो. काठ उंच झाला की तळं खोल होतं, पाणी पुन्हा काठावरूनच ओसंडतं आणि पुन्हा तिथेच चुना बसतो. काही बांध चार मीटर उंच झाले आहेत. हिवाळ्यात बर्फ वितळलं की इथून भूमिगत नदी वाहते, उन्हाळ्यात काही तळी आटतात आणि नागमोडी बांधांची नक्षी उघडी पडते. खालच्या मजल्यावर माणसांची आणि प्राण्यांची जीवाश्म हाडं सापडली, त्यांत पाणघोड्याचीही आहेत. पाणघोडा आणि आजचा बर्फाळ हेलमोस यांचा मेळ घालताना मन थोडं अडखळतंच.

किल्ले, मठ आणि एक झेंडा

मधली हजार-दीड हजार वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. १२०४ च्या चौथ्या धर्मयुद्धानंतर पश्चिम युरोपातून आलेल्या फ्रँक सरदारांनी पेलोपोनीज वाटून घेतलं, तेव्हा कालाव्रिता ही त्यांची एक जहागीर झाली. गावावरच्या टेकडीवर त्यांच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मग बायझंटाइन आले, पंधराव्या शतकात ऑटोमन.

सलग टिकले ते मठ. मेगा स्पीलेओ हा मठ इसवी सन ३६२ चा असल्याचं परंपरा सांगते, आणि तो घळीच्या वर, गोट्यांच्या खडकाच्या उभ्या कड्यातल्या कपारीत बांधलेला आहे. तेच जुन्या नद्यांचे गोटे. १८२७ मध्ये ऑटोमनांच्या बाजूने लढणाऱ्या इब्राहिम पाशाच्या सैन्याला हा मठ घेता आला नाही, कड्याने आणि साधूंनी मिळून तो राखला. गावाजवळचा आयिया लावरा मठ ९६१ चा. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात २५ मार्च १८२१ रोजी इथे पात्रासचा बिशप जर्मानोस याने झेंडा उभारून केली, असं प्रत्येक ग्रीक मुलाने शाळेत वाचलेलं असतं. इतिहासकारांचं मत वेगळं आहे. जर्मानोस त्या दिवशी तिथे नव्हताच, आणि ही गोष्ट एका फ्रेंच लेखकाच्या पुस्तकातून पसरली. पण कालाव्रितातल्या ऑटोमन शिबंदीवर २१ मार्चलाच हल्ला झाला, हे खरं आहे. म्हणजे गावाचा मान दंतकथेशिवायही शाबूत राहतो. राष्ट्राला मात्र तारीख, बिशप आणि झेंडा एका चौकटीत हवे होते.

माथेरानच्या वाटेने, पण वेगळ्या युक्तीने

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंतप्रधान खारिलाओस त्रिकुपिसने ग्रीसभर रस्ते आणि रेल्वे बांधायला घेतली. दिआकोफ्तोपासून घळीतून कालाव्रितापर्यंतचा मार्ग हे त्यातलं सर्वांत अवघड काम. १८८९ मध्ये सुरू झालं, मार्च १८९६ मध्ये गाडी धावली. मधे, १८९३ मध्ये, ग्रीस दिवाळखोर झाला आणि त्रिकुपिस स्वतः गाडी सुरू झाल्यावर महिन्याभरातच वारला.

मराठी वाचकाला हा मार्ग समजायला नेरळ-माथेरानचा आधार घेता येईल, कारण आकडे आश्चर्य वाटण्याइतके जुळतात. नेरळ-माथेरान २१ किलोमीटर, चढ साधारण साडेसातशे मीटर. दिआकोफ्तो-कालाव्रिता २२ किलोमीटर, चढ साधारण ७२० मीटर. दोन्ही अरुंद रुळांचे, एक ६१० मिलिमीटरचा, दुसरा ७५० चा. सरासरी चढही जवळजवळ सारखाच, तीस मीटरला एक मीटर. पण उपाय वेगवेगळे.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं ते घर्षणाच्या जोरावर, आणि हे घर्षण फार कमी असतं. म्हणूनच रेल्वे सपाटीवर इतकी काटकसरीची आणि चढावर इतकी दुबळी. माथेरानला डोंगराचा उतार मोकळा होता, तेव्हा वळणांवर वळणं घेत वाट लांबवली आणि चढ कुठेही वीसास एकच्या वर जाऊ दिला नाही. वुराइकोसच्या घळीत वळण घ्यायला जागाच नाही. रुळांना नदीच्या कडेकडेनेच जावं लागतं, आणि नदी काही एकसारख्या उताराने वाहत नाही. जिथे ती एकदम उतरते तिथे रुळांनाही एकदम चढावं लागतं. सर्वांत तीव्र जागी चढ १७.५ टक्के आहे, म्हणजे सहा मीटरही पुढे न जाता एक मीटर वर. तिथे नुसत्या घर्षणाने चाक जागच्या जागी फिरत राहील.

उपाय स्विस इंजिनियर रोमान आब्ट याने १८८२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत होता. दोन रुळांच्या मधे दात्यांच्या दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी बसवतात, आणि एका पट्टीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येईल अशा अर्ध्या दात्याने सरकवलेल्या. इंजिनाखालच्या दंतचक्राचा एक दाता सुटत असतो तेव्हा दुसरा पुरता अडकलेला असतो. त्यामुळे पकड कधीच पूर्ण सुटत नाही आणि धक्केही कमी बसतात. कालाव्रिताच्या मार्गावर असे तीन टप्पे आहेत, मिळून ३.८ किलोमीटर. टप्पा आला की गाडी हळू होते, चक्र दात्यांत बसतं आणि गाडी जवळजवळ चालण्याच्या गतीने चढते. ग्रीक लोक तिला ओदोन्तोतोस म्हणतात, दातेरी. हीच आब्ट पद्धत आपल्या निलगिरी रेल्वेत आहे. तीही त्याच दशकातली, मेट्टुपालयम ते कुन्नूर १८९९ मध्ये सुरू झालेली, पण तिथला चढ आठ टक्क्यांच्या थोडाच वर. २००९ पासून घळीत नव्या स्विस बनावटीच्या गाड्या धावतात. दरड आली की त्याही थांबतात. गोट्यांचा खडक शेवटी गोट्यांचाच.

१३ डिसेंबर

ऑक्टोबर १९४३ मध्ये केर्पिनीजवळ ग्रीक बंडखोरांनी जर्मन सैन्याची सुमारे ऐंशी जणांची एक तुकडी पकडली. केर्पिनी म्हणजे ज्याच्या नावाचा एक भ्रंश आपण वर पाहिला, तेच खेडं. कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी फिसकटली. डिसेंबरच्या सुरुवातीला ११७ व्या येगर डिव्हिजनचा सेनापती कार्ल फॉन ल स्वीर याने मोहीम काढली, आणि बंडखोरांनी कैद्यांना ठार केलं. वेगवेगळ्या दिशांनी निघालेल्या जर्मन तुकड्या वाटेतली खेडी जाळत, माणसं मारत कालाव्रिताकडे वळल्या. ८ डिसेंबरला मेगा स्पीलेओ मठातल्या साधूंना मारलं. ९ तारखेला सैन्य कालाव्रितात शिरलं आणि लोकांना काही भय नाही असं सांगितलं गेलं.

१३ तारखेच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजवून सगळ्यांना शाळेत बोलावलं. एक घोंगडी आणि दिवसाची भाकरी बरोबर आणा, असा हुकूम होता. तिथे बायका-मुलं एका बाजूला आणि साधारण चौदा वर्षांपुढचे सगळे पुरुष दुसऱ्या बाजूला केले. पुरुषांना गावावरच्या कापी नावाच्या उतारावर नेलं. तिथून खाली आपली घरं पेटलेली त्यांना दिसत होती. मग मशीनगन चालल्या. चारशेहून अधिक माणसं मेली, प्रेतांखाली दबलेले १३ जण वाचले. बायका-मुलं कोंडलेली शाळाही पेटली, पण दारं उघडून त्या बाहेर पडल्या. पुढचे दिवस त्यांनी गोठलेल्या जमिनीत खड्डे खणण्यात आणि आपली माणसं घोंगड्यांवरून ओढून आणून पुरण्यात घालवले. दुसऱ्या दिवशी आयिया लावरा जाळला गेला. पूर्ण मोहिमेत मारल्या गेलेल्या नागरिकांची संख्या सुमारे सातशे सांगितली जाते.

चर्चच्या एका मनोऱ्यावरचं घड्याळ २ वाजून ३४ मिनिटांवर थांबवलेलं आहे. शाळेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. ल स्वीर सोव्हिएत कैदेत १९५४ मध्ये मेला, कालाव्रितासाठी त्याच्यावर खटला कधी चालला नाही. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष योहानेस राउ एप्रिल २००० मध्ये इथे आले आणि दुःख आणि शरम वाटते असं म्हणाले. नुकसानभरपाईचा वाद ग्रीसने सोडलेला नाही.

डोंगरी गाव म्हणजे सुरक्षित गाव, असं आपण सहज म्हणतो. बंडखोरांना डोंगरांनी आसरा दिला, हे खरंच. पण डोंगरात पुढे सरकणाऱ्या सैन्याला वाटा मोजक्याच असतात, आणि त्या वाटा जिथे मिळतात तिथलं गाव आधी सापडतं. कालाव्रिता हे असं वाटा मिळण्याचं गाव होतं, फ्रँकांच्या काळापासून.

२,३४० मीटरवरची दुर्बीण

हेलमोसचं शिखर २,३५५ मीटर आहे. १९८८ मध्ये त्याच्या उतारावर बर्फात घसरण्याचं केंद्र झालं आणि गावाचा हिवाळा पालटला. त्या केंद्राच्याही वर, २,३४० मीटरवर, अथेन्सच्या राष्ट्रीय वेधशाळेने २.३ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बसवली. २००७ मध्ये तिचं उद्घाटन झालं. तिचं नाव आरिस्तार्खोस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात म्हणणाऱ्या सामोसच्या आरिस्तार्खोसचं.

ही जागा निवडण्याची कारणं रोकडी आहेत. ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेच्या उष्ण-थंड थरांमध्ये थरथरतो. उंचावर गेलं की वरचं हवेचं आवरण विरळ होतं आणि ही थरथर कमी होते. बाष्पही खालीच राहतं. आणि पात्रास किंवा अथेन्सच्या दिव्यांचा उजेड या डोंगरांमागे अडतो. अवघड भाग हिवाळ्याचा. दुर्बिणीला जाणारा रस्ता बर्फाखाली जातो, वारा सुटतो आणि घुमट बंद ठेवावा लागतो.

अलीकडे या वेधशाळेला आणखी एक काम मिळालं आहे. उपग्रहांशी रेडिओऐवजी लेझरने बोलण्याच्या युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगांसाठी जमिनीवरचं एक केंद्र म्हणून हेलमोसची निवड झाली. लेझरच्या किरणातून रेडिओपेक्षा कितीतरी जास्त माहिती पाठवता येते, पण तो ढग भेदू शकत नाही. म्हणून अशी केंद्रं एकाच ठिकाणी असून भागत नाही. एकाचं आकाश झाकलं तर दुसऱ्याचं उघडं असेल अशा बेताने ती वेगवेगळ्या हवामानाच्या पर्वतांवर विखरून ठेवावी लागतात.